ट्रॅमच्या रुळांवरची रेघ

चौदा एप्रिलच्या मिरवणुकीतला निळा रंग नखांच्या कडांतून पुरता गेलेला नसतो, तोवर आमच्या ऑफिसातले फोन वाजायला लागतात. इंग्लंडभर प्राथमिक शाळांचे प्रवेश एकाच वेळी जाहीर होतात आणि तो दिवस बहुतेक वेळा जयंतीनंतर दोन दिवसांनी येतो. त्यामुळे एका संध्याकाळी हॉलमध्ये 'शिका' म्हणून घसा बसेपर्यंत ओरडायचं आणि मधला एक दिवस सोडून, त्याच बसलेल्या घशाने एखाद्या आईला सांगायचं की तुमच्या मुलाला तुमच्या दारासमोरच्या शाळेत जागा नाही, अशी माझी जयंती असते.

मी मँचेस्टरजवळच्या एका लहान कौन्सिलमध्ये, म्हणजे इथल्या नगरपालिकेत, शाळाप्रवेशाचं काम करते. या अंकाच्या संपादकबाईंनी नोकरीतले अनुभव लिहायला सांगितले तेव्हा मी म्हटलं, असं निवृत्त लोक लिहितात, माझे अजून सगळे केस काळे आहेत. त्या म्हणाल्या, "भांडणं तर निवृत्त माणसाइतकी झालीत ना?" झालीत खरी. त्यातलं एक इथे सांगते.

आधी काम सांगते. इथे चार वर्षांचं मूल 'रिसेप्शन' नावाच्या पहिल्या वर्गात जातं. आईबाप ऑनलाइन पसंतीच्या शाळा भरतात. जागांपेक्षा मुलं जास्त झाली की आम्ही ओळ लावतो. ओळीत सर्वांत पुढे आईबापांविना कौन्सिलच्या देखभालीत असलेली मुलं. मग शाळेच्या हद्दीत राहणारी, ज्यांचं मोठं भावंड त्याच शाळेत आहे अशी. मग हद्दीतली बाकीची, ज्याचं घर शाळेच्या फाटकाच्या जवळ तो आधी. हद्दीबाहेरचे सगळ्यांत शेवटी. या हद्दीला इथे कॅचमेंट म्हणतात. अंतर कॉम्प्युटर मोजतो, मधली घरं, कालवा, कुंपण काही न मानता सरळ. घराची किंमत ठरवताना लोक आधी छप्पर बघत नाहीत, ते कुठल्या शाळेच्या हद्दीत आहे ते बघतात. एवढं कळलं की आमच्या कचेरीत माणसं का रडतात आणि का खोटं बोलतात तेही कळतं.

खोटं बोलण्यात लोक कल्पक असतात. एका गृहस्थांनी शाळेलगतच्या कालव्यात नाव बांधून ठेवली होती आणि आपण सहकुटुंब तिच्यातच राहतो असं त्यांचं म्हणणं होतं. मी पाहायला गेले तर नावेत एक खुर्ची नि गोल्फच्या काठ्या. एका आपल्याच देशी कुटुंबाने शाळेसमोरच्या टेकअवेच्या वरची खोली भाड्याने घेतली होती. आई दारात हसतमुख उभी, चहा तयार. मी मुलीला विचारलं, "तू झोपतेस कुठे?" ती म्हणाली, "घरी." आई म्हणाली, "अगं, हेच ना घर." मुलगी म्हणाली, "नाही, खऱ्या घरी." त्या आईचा चेहरा मला अजून आठवतो. तिला खोटारडी म्हणणं सोपं आहे. पण जिथे चांगली शाळा पैशाने घेता येते आणि तरी सगळे म्हणतात की शाळा फुकट आहे, तिथे पहिलं खोटं कोण बोललं?

माझी वाक्यं अशी प्रश्नचिन्हावर संपतात याचं कारण घरात आहे. बाबा नागपूरहून आले, मँचेस्टरमध्ये आयुष्यभर बस चालवली आणि उरलेल्या वेळात पत्रकं काढली. आमच्या दोन खोल्यांच्या घरात तिसरी खोली होती, तिच्यात पलंग मावत नव्हता म्हणून फोटोकॉपीचं मशीन ठेवलं होतं. मी मराठी वाचायला शिकले ती पत्रकांच्या घड्या घालताना. इथल्या मैत्रिणींना राजकन्यांच्या गोष्टी पाठ होत्या, मला 'बंधू-भगिनींनो' पासून 'आपले नम्र' पर्यंत सगळं पाठ होतं. बाबांचा पत्रकाचा नियम असा: कोणाकडून काय जाणार, कधी जाणार आणि आपण कुठे जमायचं, हे पहिल्या तीन ओळींत आलं पाहिजे. चौथ्या ओळीपर्यंत माणूस वाचत नाही, तो दिव्याच्या खांबापाशी बस पकडायला निघालेला असतो.

बाबा अजून त्याच घरात राहतात, ट्रॅमच्या रुळांपलीकडच्या इस्टेटवर. मराठीत इस्टेट म्हणजे वाडवडिलांनी ठेवलेली मालमत्ता, इथे कौन्सिलने बांधलेल्या भाड्याच्या घरांना इस्टेट म्हणतात. रूळ ओलांडले की लगेच लाल विटांची प्राथमिक शाळा. मी तिथेच शिकले. रुळांवर फाटक आहे, तिथून शाळेच्या मैदानात पडलेला चेंडू दिसतो. इस्टेटवर पोलिश, सोमाली, जुने इंग्रज आणि अलीकडे केअरच्या कामावर आलेली आपली माणसं राहतात. त्यांच्यातली एक वैशाली. भंडाऱ्याकडची, तिशीतली. सकाळी म्हाताऱ्यांच्या घरी जाऊन त्यांना उठवायचं, अंघोळ घालायची, कपडे चढवायचे हे तिचं काम. नवरा गोदामात रात्रपाळीला, सकाळी घरी येतो तो झोपेने भेलकांडत. मोठी मुलगी आर्या लाल शाळेत होती. धाकटा नील पुढच्या वर्षी जाणार होता.

त्याच वर्षी आमच्या कौन्सिलने लाल शाळेची हद्द बदलायचा प्रस्ताव आणला.

कारण खोटं नव्हतं. रुळांच्या अलीकडे, टेकडीच्या बाजूला, जुन्या गिरणीच्या जागेवर नवीन घरं झाली होती. त्या घरांत मुलं आली होती आणि लाल शाळेत वर्ग वाढवायला जागा नव्हती. म्हणून नकाशावरची रेघ ट्रॅमच्या रुळांवर आणायची असं ठरत होतं. अलीकडचे सगळे लाल शाळेत. पलीकडची इस्टेट दुसऱ्या शाळेच्या हद्दीत, आणि ती शाळा कालव्याच्या पार, बसने जायच्या अंतरावर. कागदावर रेघ अगदी सरळ, देखणी दिसत होती. आमची मॅनेजर हेलन म्हणाली, "रूळ म्हणजे नैसर्गिक सीमा आहे." मी म्हटलं, "हेलन, रूळ निसर्गाने टाकलेले नाहीत." ती म्हणाली, "प्रज्ञा, तू हे मीटिंगमध्ये म्हणू नकोस."

हेलन वाईट नाही. या खात्यात तिने केस पांढरे केलेत आणि तिच्याइतके नियम कोणालाच पाठ नाहीत. मी तिला पहिल्याच दिवशी सांगितलं की माझे वडील त्या इस्टेटवर राहतात. असं सांगणं सक्तीचं असतं. तिने मला प्रस्तावाच्या कामावरून बाजूला केलं आणि फोन आणि काउंटर दिला. म्हणाली, "इस्टेटवर जाऊन कोणाला सल्ला द्यायचा नाही. पण इथे येऊन किंवा फोन करून जो विचारेल त्याला नियम सांगायचा. तो तुझा बाप असला तरी."

असा बदल करण्याआधी लोकांचं मत मागवावं लागतं. कौन्सिलने पत्रक छापलं. बाबांनी ते चष्मा वर करून, मग खाली करून वाचलं.

"हा विम्याचा कागद आहे काय?"

"कन्सल्टेशनचं पत्रक आहे, बाबा."

"यात कोणाकडून काय जाऊन राहिलं तेच नाही. 'प्राधान्य क्षेत्राची पुनर्रचना.' शेजारच्या मॉरीनने तर हे पिझ्झ्याच्या जाहिरातीसोबत फेकलं."

मॉरीन म्हणजे बाबांच्या शेजारची म्हातारी इंग्रज बाई, जन्मापासून त्याच इस्टेटवर. तिच्या नातीला छोटी मुलगी होती.

बाबांनी मग स्वतःचं पत्रक काढलं. पहिली ओळ होती, 'तुमच्या मुलाची शाळा काढून घेतली जात आहे.' खाली कौन्सिलला पाठवायचा मजकूर, इंग्रजीत, जबरदस्त. मागण्या, समतेचं तत्त्व, शेवटी सहीची जागा. मॉरीनने स्पेलिंग तपासली. सोमाली मशिदीत, पोलिश दुकानात, केअरच्या बायकांच्या व्हॉट्सॲपवर, सगळीकडे तो एकच मजकूर गेला आणि सह्यांचे गठ्ठे बाबांच्या टेबलावर जमू लागले. बाबा खुशीत होते. आयुष्यभर त्यांनी हेच शिकवलं होतं, की आपण वेगवेगळं बोललो तर कोणी ऐकत नाही, एका आवाजात बोललो तर ऐकावंच लागतं.

मी एका रविवारी वरणभात खायला गेले आणि ते गठ्ठे पाहून हातातला घास परत ताटात ठेवला. कारण आमच्याकडे नियम आहे, तो वेबसाइटवर लिहिलेलाही आहे, कोणी जात नाही अशा पानावर. एकच मजकूर कितीही लोकांनी पाठवला तरी तो एकच प्रतिसाद धरला जातो. खाली सह्या किती ते नोंदतात, पण मुद्दा एक. टेकडीवरचे लोक हे जाणून होते. त्यांच्यातला प्रत्येकजण बसून वेगळी ईमेल लिहीत होता. कोणी वकील, कोणी आमच्यासारख्याच दुसऱ्या कौन्सिलमध्ये अधिकारी. इस्टेटचा अख्खा आवाज मोजला जाणार होता एक.

"बाबा," मी म्हटलं, "मी तुम्हाला काही सांगू शकत नाही."

"मग नको सांगू. लोणचं घे."

"पण तुम्ही उद्या ऑफिसात फोन करून विचारू शकता."

"काय विचारू?"

"तेही सांगू शकत नाही."

"मग काऊन बोलून राहिली?"

मी गठ्ठ्यांकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग गठ्ठ्यांकडे. "यात काही चुकलं?"

"पत्रक उत्तम आहे. सगळ्यांचं अक्षर न् अक्षर सारखं."

त्यांनी गठ्ठ्यातली वरची दोन पत्रं शेजारी शेजारी ठेवून पाहिली. ताटातला भात तसाच राहिला.

सोमवारी सकाळी फोन वाजला. आमचे सगळे फोन रेकॉर्ड होतात. बाबांचं इंग्रजी बसमधल्या घोषणेसारखं आहे, एकेक शब्द थांबून.

"गुड मॉर्निंग मॅडम. मी एक रहिवासी बोलतोय."

"बोला, सर."

"एकच पत्र पुष्कळ लोकांनी सही करून पाठवलं, तर तुम्ही ते पुष्कळ धरता की एक?"

"एक, सर."

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला.

"एक?"

"सह्या नोंदतो. पण प्रतिसाद एकच धरतो."

"मग लोकांनी काय करावं, मॅडम?"

"हा तुमचा प्रश्न आहे का, सर?"

"हो. हा माझा प्रश्न आहे."

"प्रत्येकाने आपल्या शब्दांत, आपल्या घराबद्दल लिहावं. हाताने लिहिलेलं चालतं. कुठल्याही भाषेत चालतं, आम्ही भाषांतर करून घेतो."

"मराठीत?"

"मराठीतही."

"थँक यू, मॅडम." मग एकदम मराठीत, "डबा नेला काय?"

"हा कॉल रेकॉर्ड होतोय, सर."

शेजारच्या टेबलावर हेलन खाली मान घालून काहीतरी टाइप करत होती. तिचे खांदे हलत होते.

पुढचं मी पाहिलं नाही, कारण तिथे मी जायचं नव्हतं. वैशालीने नंतर सांगितलं ते असं. बाबांनी सगळ्यांना घरी बोलावलं, छापलेले गठ्ठे मशीनच्या खोलीत टाकले आणि म्हणाले, माझं चुकलं, आता प्रत्येकाने स्वतःचं लिहा. लोक हिरमुसले. इतकं छान पत्र असताना परत कशाला?

"मी म्हटलं, काका, तुम्हीच लिहा ना माझं," वैशाली म्हणाली, "तुमची भाषा किती भारी. तर म्हणे, भारी आहे म्हणूनच नाही चालत. तू सकाळी उठतेस तिथून सुरू कर. मी म्हटलं, त्यात काय लिवायसारखं आहे बाप्पा? तर म्हणे, ते मले ठाऊक नाही, तुले ठाऊक आहे."

ज्या माणसाने चाळीस वर्षं दुसऱ्यांसाठी लिहिलं, तो त्या रात्री सगळ्यांना कोरे कागद वाटत फिरला आणि कोणाच्याही कागदात डोकावला नाही. वैशाली म्हणते, त्यांना ते जड जात होतं. हात सारखे पाठीमागे बांधून ठेवत होते.

मग जाहीर सभा झाली, लाल शाळेच्याच हॉलमध्ये. मुलांच्या बुटक्या खुर्च्यांवर मोठी माणसं गुडघे छातीशी घेऊन बसली होती. एका बाजूला टेकडी, दुसऱ्या बाजूला इस्टेट, मधली वाट आपोआप रिकामी राहिलेली. मी पुढे, गळ्यात कौन्सिलचं ओळखपत्र, हातात फिरता माईक. माझं काम माईक देण्याचं. बोलण्याचं नाही.

टेकडीच्या बाजूने पहिला हात वर आला तो डॉक्टर गजभिये काकांचा.

काका कोण हे सांगितलं पाहिजे. आमच्या जयंतीचा हॉल दरवर्षी त्यांच्या पैशाने भरतो. बाबांचे जुने मित्र. मी दहा-बारा वर्षांची असताना त्यांनी आम्हा मुलांना गाडीत घालून लंडनला नेलं होतं, कॅमडेनमधल्या त्या घरी, जिथे बाबासाहेब विद्यार्थी असताना राहिले. जिन्यात उभे राहून म्हणाले होते, "पाहून घ्या, एवढ्याशा खोलीतून केवढं झालं. आपल्याला फक्त आत शिरायला मिळालं पाहिजे." ते वाक्य मी शाळेच्या वहीवर लिहून ठेवलं होतं. आता ते निवृत्त होऊन मुलाकडे राहत होते, गिरणीच्या जागेवरच्या नव्या घरात. नातू चार वर्षांचा होणार होता. इस्टेट हद्दीत राहिली तर अंतराच्या ओळीत तो मागे पडत होता. इस्टेट गेली तर आत येत होता.

मी त्यांच्या हातात माईक दिला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

ते छान बोलले. ते नेहमीच छान बोलतात. भावना बाजूला ठेवू या, शाळेची क्षमता पाहू या, गर्दी झाली तर कुणाचंच भलं होणार नाही, शाळेचा दर्जा टिकला पाहिजे. 'दर्जा' हा शब्द त्यांनी इंग्रजीत पुन्हा पुन्हा वापरला आणि दर वेळी टेकडीच्या बाजूच्या माना हलल्या.

मला तिथे काय वाटलं ते सांगणं अवघड आहे. मनात पत्रक तयार होत होतं: 'या देशात जात नाही म्हणतात, कॅचमेंट आहे.' ओरडायला छान वाक्य आहे, जयंतीला टाळ्या पडल्या असत्या. पण हे काम करत असल्यामुळे मला ते पुरतं खरं वाटत नाही. जात पैसे भरून ओलांडता येत नाही, ही रेघ येते. काकांनी ती ओलांडली होती, रास्त मार्गाने, उभं आयुष्य कष्ट करून. माझा राग त्यांच्या ओलांडण्यावर नव्हता. ओलांडून झाल्यावर ते फाटकाला कडी लावायला निघाले होते, त्यावर होता. आणि मला बोलायची परवानगी नव्हती.

इस्टेटच्या बाजूने वैशाली उठली. कामाचाच निळसर झगा अंगावर, सभेनंतर तिला संध्याकाळच्या फेरीवर जायचं होतं. मी तिला माईक दिला. हळूच म्हणाली, "ताई, इंग्लिश नाही येत मले नीट." मी माईकवर हात ठेवून म्हटलं, "मराठीत बोल, इंग्रजीत सांगणारा देऊ." तिने मान हलवली. नाही म्हणून.

ती तिच्या इंग्रजीत बोलली. सकाळी सातला ती पहिल्या आजोबांकडे असते. त्यांना उजवा मोजा आधी लागतो, डावा आधी घातला तर ते दिवसभर रुसतात. त्यांना उठवून, खाऊ घालून ती धावत घरी येते, मुलीला रुळांपलीकडे सोडते आणि दुसऱ्या आजींकडे जाते. पुढच्या वर्षी मुलगी या शाळेत आणि मुलगा कालव्यापलीकडच्या शाळेत. दोन्ही शाळा एकाच वेळेला उघडतात.

मग ती थांबली. शब्द शोधत राहिली. मग दोन बोटं वर केली, "टू बेल्स," आणि एक बोट स्वतःकडे केलं, "वन मी."

मग मागून टेकडीच्या बाजूने एक आवाज आला, "मग गाडी घ्या."

मॉरीनने माईकची वाट पाहिली नाही. "घेईल हो! आणि लावेल कुठे? शाळेच्या दारात गाड्या लावू नका म्हणून पाटी तुम्हीच ठोकलीत ना!"

दोन्ही बाजूंचे लोक हसले. त्या संध्याकाळी दोन्ही बाजूंनी एकत्र केलेली तेवढीच गोष्ट.

सभेनंतर कॉरिडॉरमध्ये, मुलांच्या बुटक्या कोट-खुंट्यांपाशी, काका आणि बाबा समोरासमोर आले. मी खुर्च्या रचत होते, दार उघडं होतं.

"दिनकर," काका म्हणाले, "मी नातवासाठी बोललो. तुमच्याविरुद्ध नाही."

"सगळे आपल्या नातवासाठीच बोलतात, डॉक्टर," बाबा म्हणाले. "म्हणून तर पत्रक काढावं लागते."

"तुझ्या मुलीला तरी समजेल. ती रोज हेच बघते."

"तिला विचारा ना."

काकांनी दारातून माझ्याकडे पाहिलं. मी हातात चार खुर्च्या घेऊन उभी होते. "काका," मी म्हटलं, "ऑफिसच्या वेळात फोन करा. नियम सांगेन." हे मी रागाने म्हटलं की विनोदाने, मला अजून ठरवता आलेलं नाही. ते कोट घालून निघून गेले.

इस्टेटवरून आलेली पत्रं वेगवेगळी मोजली गेली. पोलिश, सोमाली, मराठी, मॉरीनचं जुन्या वळणदार अक्षरातलं इंग्रजी. कौन्सिलच्या कमिटीने निर्णय दिला तो असा: रेघ रुळांवर येणारच. पण ज्या मुलांचं भावंड आज लाल शाळेत आहे, ती हद्दीतलीच धरली जातील. हेलनने मला अहवालातली ती ओळ दाखवली, जिच्यात एका आईच्या दोन बेल्सचा उल्लेख होता. "मोठी गोष्ट आहे ही," ती म्हणाली, "असं फार क्वचित बदलतं." खरं होतं. नीलला जागा मिळाली. वैशालीने इस्टेटवर घरोघरी शिरा वाटला.

काकांच्या नातवालाही मिळाली. ते बर्फीचा डबा घेऊन बाबांकडे आले. बाबांनी एक तुकडा घेतला, पोराच्या नावाने. दुसरा घेतला नाही. पुढच्या जयंतीलाही हॉलचं भाडं काकांनीच भरलं, आणि हॉलच्या दारात ते पाहुण्यांना बाबांची पत्रकं वाटत होते. माणसं एका रेघेच्या एकाच बाजूला कायम उभी राहत नाहीत, हे मी त्यांच्याकडूनच शिकले. त्यांच्यावरची माझी माया गेली नाही. वहीवरचं ते वाक्य मात्र मी नंतर वाचलेलं नाही.

बाबांनी निर्णयाचंही पत्रक काढलं. मथळा 'विजय' द्यायचा की नाही यावर आमचं भांडण झालं.

"ज्यांचं मूल आत आहे त्यांचा विजय आहे," मी म्हटलं. "ज्यांचं पहिलंच मूल आहे त्यांचं काय?"

"पत्रकात अर्धा विजय लिहीत नसतात."

"मग पूर्णही लिहू नका."

त्यांनी मथळाच दिला नाही. त्यांच्या एवढ्या पत्रकांत तेवढंच बिनमथळ्याचं.

त्यानंतरच्या एप्रिलमध्ये जयंती झाली, मधला दिवस गेला आणि सकाळी काउंटरवर केली आली. केली म्हणजे मॉरीनची नात, इस्टेटवरच राहणारी. सोबत मुलगी, पहिलीच, चार वर्षांची, हातात लाल रिबिनीचं अस्वल. केलीने फोन माझ्यासमोर धरला. त्यात आमचीच ईमेल होती, कालव्यापलीकडच्या शाळेची.

"चूक झालीय बहुतेक," ती म्हणाली. "माझ्या किचनमधून लाल शाळेची बेल ऐकू येते. मी शिकले तिथे. आजी शिकली."

मी पत्ता टाकला. कॉम्प्युटरने अंतर दाखवलं. टेकडीवरच्या कित्येक घरांपेक्षा कमी. आणि त्याच्या शेजारी, हद्दीच्या रकान्यात: बाहेर.

"चूक नाही, केली," मी म्हटलं. "रेघ आता रुळांवर आहे."

तिच्या आजीसारखी ती भांडली असती तर मला बरं वाटलं असतं. तिने नुसती मान हलवली, मुलीच्या कोटाची चेन वर ओढली आणि वळली.

हेलन तिच्या टेबलावर होती. तिने वर पाहिलं नाही, पण टाइप करायचं थांबली होती.

"आणखी काही विचारायचंय?" मी केलीला हाक मारून विचारलं.

"नाही. कळलं मला."

"नाही कळलं. विचारा."

"काय विचारू?"

मागे ओळ वाढत होती, एक बाळ रडत होतं, फोन वाजत होते. हेलनचा नियम असा की विचारेल त्याला सांगायचं. प्रश्न कोणाला देऊ नये असं तिने कधी म्हटलं नव्हतं, आणि आत्ताही ती काही म्हणत नव्हती. मी खुर्चीवरून उठले, काउंटरच्या बाहेर आले आणि केलीच्या शेजारी, तिच्या बाजूला उभी राहिले.

"या नकाराविरुद्ध अपील कसं करायचं ते विचारा," मी म्हटलं. "आणि मोठ्याने विचारा, मागच्यांनाही ऐकू येऊ दे."